उष्ण इंजिनाचे निदान : जुन्या इंजेक्शन-मोटारींतील सुरू होण्याची अडचण आणि 'मिसिंग'

मोटारगाडीच्या दोषांचे स्थूलमानाने दोन वर्ग करता येतात. पहिल्या वर्गातील दोष सदैव हजर असतात. फुटलेली नळी, तुटलेला पट्टा किंवा उतरलेली बॅटरी केव्हाही तपासली तरी तशीच आढळते. दुसऱ्या वर्गातील दोष विशिष्ट परिस्थितीतच प्रकट होतात आणि ती परिस्थिती पालटली की नाहीसे होतात. इंजिन तापल्यावर दिसणारे दोष या दुसऱ्या वर्गातील होत. सकाळी एका झटक्यात सुरू झालेली गाडी पन्नास किलोमीटर धावून येते, चहापाण्यासाठी वीस-पंचवीस मिनिटे थांबते, आणि मग काही केल्या सुरू होत नाही. दोन-तीन तासांनी ती गॅरेजमध्ये ओढत नेली, की तेथे पहिल्याच प्रयत्नात सुरू होते. कारागिराला दोष दिसत नाही आणि मालकाला तो दाखवून देता येत नाही.

या पेचातून सुटण्याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत महागडा मार्ग म्हणजे एकामागून एक सुटे भाग बदलत जाणे. प्लग बदलले जातात, कॉइल बदलली जाते, पंप बदलला जातो. दोष मात्र जागच्या जागीच राहतो. जुन्या गाड्यांच्या बाबतीत ही पद्धत विशेष घातक ठरते. त्यांचे काही भाग दुर्मिळ झालेले असतात आणि त्यांच्या किमती गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतात. एका लहानशा झडपेच्या गळतीपायी संपूर्ण गाडी मोडीत निघाल्याचे प्रसंग म्हणूनच घडतात. हे टाळण्यासाठी दोन नियम पाळले पाहिजेत. उष्णतेत दिसणारा दोष उष्णतेतच तपासावा, हा पहिला नियम. आणि भाग बदलण्यापूर्वी मोजमाप घ्यावे, हा दुसरा. पुढील विवेचन या दोन नियमांचाच विस्तार आहे.

कार्ब्युरेटरकडून इंजेक्शनकडे

इंधन दाबाखाली फवारण्याची कल्पना प्रथम डिझेल इंजिनात रुजली. जर्मनीतील बॉश कंपनीने डिझेल इंजेक्शन पंपांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन १९२७ मध्ये सुरू केले. भारतात १९५१ मध्ये स्थापन झालेल्या 'मायको' कंपनीमुळे हे पंप आणि त्यांचे नोझल मालमोटारींच्या कारागिरांच्या परिचयाचे झाले. पेट्रोल गाड्यांत मात्र कार्ब्युरेटरचेच राज्य दीर्घकाळ टिकले. १९५४ च्या मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल या गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई, परंतु ही व्यवस्था खर्चिक होती. १९६७ मध्ये बॉशने फोक्सवॅगन १६०० या गाडीसाठी विजेच्या नियंत्रणावर चालणारी 'डी-जेट्रॉनिक' पद्धती आणली. त्यानंतर १९७३ मध्ये 'के-जेट्रॉनिक' ही मुख्यतः यांत्रिक पद्धती प्रचारात आली. पुढील सुमारे दोन दशके युरोपातील असंख्य गाड्यांत तिचा वापर झाला. पोर्श ९११, फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय, व्होल्व्हो २४० आणि मर्सिडीज २८० ई ही त्यांतील काही परिचित नावे होत.

'के-जेट्रॉनिक' ही उष्ण इंजिनाच्या अडचणींचा अभ्यास करण्यास सर्वांत सोयीची पद्धती आहे. तिचे कार्य जवळजवळ सर्वस्वी दाबावर चालते, आणि दाब हा साध्या मापकाने मोजता येतो. तिच्यावर शिकलेली विचारपद्धती पुढील काळातील इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनलाही लागू पडते. म्हणून येथे मुख्य उदाहरण म्हणून तिचीच निवड केली आहे.

पेट्रोलचा मार्ग

टाकीतील पेट्रोल विजेवर चालणारा पंप ओढून घेतो. पंपाच्या बाहेर पडण्याच्या तोंडाशी एक लहान एकदिशा झडप असते. ती पेट्रोल पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. तेथून पेट्रोल 'संचयक' नावाच्या डबीत जाते. या डबीत स्प्रिंगने ताणलेला एक पडदा असतो. पंप चालू असताना तो मागे दाबला जातो, आणि पंप थांबल्यावर हळूहळू पुढे येऊन नळ्यांतील दाब काही काळ टिकवून धरतो. त्यानंतर गाळणीतून पेट्रोल 'इंधन-वितरका'त पोहोचते.

इंजिन जी हवा आत ओढते, ती एका नरसाळ्यातून जाताना तेथील गोल तबकडी वर उचलते. जितकी हवा अधिक तितकी तबकडी अधिक उचलली जाते. तबकडीला जोडलेली तरफ वितरकातील एक बारीक दांडा वर सरकवते. दांडा वर गेला की प्रत्येक सिलिंडरसाठी असलेल्या अरुंद फटी उघडतात आणि हवेच्या प्रमाणात पेट्रोल इंजेक्टरांकडे जाते. हे इंजेक्टर विजेने उघडत नाहीत. सुमारे ३.३ बार दाब मिळाला की ते आपोआप उघडतात आणि अखंड फवारा सोडतात. एक बार म्हणजे जवळजवळ वातावरणाच्या दाबाइतका दाब होय. 'के' हे अक्षर 'अखंड' या अर्थाच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर आहे.

या व्यवस्थेत तीन दाब ओळखले पाहिजेत. पहिला 'मुख्य दाब'. तो सामान्यतः ५ बारच्या आसपास असतो आणि वितरकातील नियामक तो स्थिर राखतो. दुसरा 'नियंत्रक दाब'. हा दांड्याच्या डोक्यावर पडून त्याच्या वर जाण्याला विरोध करतो. तो कमी असेल तर दांडा सहज वर जातो आणि मिश्रणात पेट्रोल वाढते. तो अधिक असेल तर मिश्रण विरळ होते. थंड इंजिनात हा दाब कमी आणि उष्ण इंजिनात साधारण ३.५ बार ठेवण्याचे काम 'तापन-नियामक' करतो. त्यातील द्विधातुपट्टी विजेच्या तारेने तापवली जाते. तिसरा 'शेष दाब'. इंजिन बंद केल्यावर नळ्यांत जो दाब उरतो तो हा. इंजेक्टर उघडण्याच्या दाबापेक्षा तो कमी असला पाहिजे, अन्यथा पेट्रोल ठिबकत राहील. परंतु तो फार उतरताही कामा नये. उष्ण इंजिन सुरू होणे न होणे बहुधा या तिसऱ्या दाबावरच अवलंबून असते.

बंद इंजिन अधिक का तापते

इंजिन चालू असताना पाणी फिरत असते, पंखा हवा खेचत असतो आणि धावत्या गाडीला वारा लागत असतो. इंजिन बंद होताच हे तिन्ही उपाय एकदम थांबतात. सिलिंडरच्या डोक्यात आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांत साठलेली उष्णता आता आजूबाजूच्या भागांत पसरू लागते. परिणामी बॉनेटखालील इंधन-नळ्यांचे तापमान इंजिन बंद झाल्यावर काही काळ उतरण्याऐवजी चढते. ही चढण साधारणपणे अर्ध्या तासापर्यंत चालू शकते आणि नंतर उतरण सुरू होते.

पेट्रोल हे एकजिनसी द्रव्य नसून अनेक द्रव्यांचे मिश्रण आहे. त्यातील सर्वांत हलके घटक मोकळ्या हवेत ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागतात. दाबाखाली मात्र उत्कलनबिंदू वर जातो. प्रेशर कुकरमधील पाणी १०० अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही, तोच हा नियम. शेष दाब टिकला तर नळीतील पेट्रोल तापूनही द्रवरूप राहते. दाब ओसरला तर त्याची वाफ होते आणि इंजेक्टरांच्या नळ्यांत वाफेचे बुडबुडे अडकतात. डिझेल गाडीच्या वाहिनीत हवा शिरल्यावर ती काढून टाकेपर्यंत इंजिन चालत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. येथे बाहेरची हवा शिरत नाही. पेट्रोल स्वतःच बाष्परूप होऊन वाट अडवते. जुन्या ॲम्बॅसडर आणि फियाट गाड्यांचे चालक घाट चढून आल्यावर इंधनपंपावर ओले फडके टाकत असत, ते याच बाष्परोधावर.

हत्यारांपूर्वी प्रश्न

निदानाची सुरुवात पान्याने नव्हे, तर प्रश्नांनी करावी. गाडी थंड असताना कशी सुरू होते? बंद करून एका मिनिटात पुन्हा सुरू केली तर कशी वागते? वीस-तीस मिनिटांनी? रात्रभर उभी राहिल्यावर? या चार उत्तरांतून दोषाचे स्वरूप बरेचसे उघड होते.

थंड गाडी चटकन सुरू होते, एका मिनिटाने केलेला प्रयत्नही यशस्वी होतो, पण वीस-तीस मिनिटांनंतर दीर्घकाळ सेल्फ मारावा लागतो. सुरू झाल्यावर दोन-तीन सिलिंडर अडखळत चालतात आणि मग सर्व सुरळीत होते. हे चित्र बाष्परोधाचे, म्हणजेच शेष दाब ओसरल्याचे आहे. थंड गाडीला तोच ओसरलेला दाब नडत नाही. नळ्यांत तेव्हा वाफ नसते आणि थंडीत जादा पेट्रोल फवारणारा वेगळा इंजेक्टर मदतीस येतो. हा इंजेक्टर उष्ण इंजिनात काम करत नाही.

याच्या नेमके उलट चित्रही दिसते. गाडी उष्ण असताना सुरू होत नाही, पेट्रोलचा वास दरवळतो, आणि थ्रॉटल पूर्ण दाबून सेल्फ मारल्यास ती काळा धूर सोडत सुरू होते. येथे पेट्रोल कमी पडलेले नसून अधिक झालेले असते. इंजेक्टर किंवा थंडीतील जादा इंजेक्टर ठिबकत असेल, अथवा तापन-नियामकाला वीज न पोहोचल्यामुळे उष्ण इंजिनातही नियंत्रक दाब कमीच राहिला असेल. तक्रार एकच असते, 'गरम गाडी चालू होत नाही'. पण कारणे परस्परविरुद्ध असतात. एकावरील उपाय दुसऱ्यावर केला तर दोष वाढतो. हे ध्यानात न घेतल्यामुळेच अनेक दुरुस्त्या फसतात.

तिसरे चित्र विजेच्या दोषाचे आहे. इंजिन उष्ण होताच धावता धावता एकदम बंद पडते आणि थंड होईपर्यंत ठिणगीच येत नाही. त्याचा विचार पुढे केला आहे.

दाबाचे मोजमाप

वितरक आणि तापन-नियामक यांना जोडणाऱ्या नळीत दाबमापक बसवतात. मापकाबरोबर एक हाताने फिरवण्याची झडप असते, आणि ती नियामकाच्या बाजूस येईल अशा रीतीने जोडतात. झडप बंद असताना मापक मुख्य दाब दाखवतो, उघडी असताना नियंत्रक दाब, आणि पंप थांबवल्यावर शेष दाब. एकाच जोडणीत तिन्ही वाचने मिळतात. प्रत्येक गाडीचे नेमके आकडे तिच्या कारखान्याच्या पुस्तिकेत पाहावेत. दहा मिनिटांनी दीड-दोन बारच्या आसपास दाब उरणे आणि वीस मिनिटांनीही त्यात मोठी घट न होणे हे सर्वसाधारणपणे निरोगी व्यवस्थेचे लक्षण होय. हे मोजमाप इंजिन पूर्ण तापवून मगच घ्यावे. थंड रबर आणि थंड धातू जी गळती लपवतात, ती उष्णतेत उघड होते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, चार सिलिंडरच्या एका गाडीत मुख्य दाब ४.९ बार आणि उष्ण स्थितीतील नियंत्रक दाब ३.५ बार आढळला. दोन्ही योग्य आहेत. पंप थांबवल्यावर मात्र पाच मिनिटांत मापक अर्ध्या बारवर आला. पेट्रोल कोठून तरी निसटत आहे हे निश्चित झाले. निसटण्याच्या वाटा मोजक्याच असतात, आणि त्या एकेक करून बंद करता येतात.

प्रथम मापकाची झडप बंद करून प्रयोग पुन्हा केला. दाब तरीही उतरला. तेव्हा तापन-नियामक निर्दोष ठरला. नंतर वितरकातून टाकीकडे परतणारी रबरी नळी चिमट्याने दाबली. दाब उतरतच राहिला. म्हणजे मुख्य नियामकाचे रबरी कडे शाबूत आहे. संचयकाच्या मागील बाजूची नळी सोडून पाहिली, ती कोरडी निघाली. पडदा फाटला असता तर तेथून पेट्रोल आले असते. इंजेक्टर बाहेर काढून काचेच्या बरण्यांत धरले, त्यांच्या तोंडाशी थेंब धरला नाही. शेवटी पंप थांबवताच टाकी आणि पंप यांमधील रबरी नळी चिमटली. या वेळी दाब टिकला. पेट्रोल पंपातून उलट टाकीकडे जात होते. म्हणजे दोष एकदिशा झडपेत होता. अनेक पंपांत ही झडप वेगळी बदलता येते आणि तिची किंमत वितरकाच्या किमतीच्या अल्पसा अंश असते. कोणतेही मोजमाप न करता आधी वितरक, मग संचयक, मग पंप असा क्रम लावला असता, तर मोठा खर्च होऊनही दोषाची गाठ अखेरीसच पडली असती.

या तपासणीत सुरक्षिततेचा विचार सर्वांत आधी केला पाहिजे. शेष दाब हा व्यवस्थेने मुद्दाम राखलेला असतो, आणि म्हणून इंजिन बंद असले तरी नळी सैल करताच पेट्रोलचा फवारा उडतो. उष्ण इंजिनावर पडलेला असा फवारा क्षणात पेट घेऊ शकतो. जोडणी सैल करताना तिच्याभोवती जाड फडके धरावे, डोळ्यांवर चष्मा असावा, बॅटरीची तार आधी सोडावी, जवळपास उघडी ज्योत किंवा विडी-सिगारेट नसावी आणि अग्निशामक हाताशी असावा. तपासणी मोकळ्या हवेत करावी. गळणारी नळी 'उद्या पाहू' म्हणून सोडून देण्याजोगी नसते.

'मिसिंग' म्हणजे काय

चार सिलिंडरचे, चार धावांत एक आवर्तन पुरे करणारे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर त्यात मिनिटाला १,६०० म्हणजे सेकंदाला सुमारे २७ स्फोट होतात. प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला त्यांतील सेकंदाला सहा-सात येतात. यांपैकी एखादा स्फोट झाला नाही की इंजिन लचकते. गॅरेजच्या भाषेत यालाच 'मिसिंग' म्हणतात. स्फोट होण्यास तीन गोष्टी लागतात : योग्य वेळी पुरेशी ठिणगी, योग्य प्रमाणातील मिश्रण आणि पुरेसे संपीडन. तिन्हींपैकी एकीचा अभाव असला तरी लक्षण एकच दिसते. म्हणून येथेही वाटा एकेक करून बंद करण्याचीच पद्धत वापरावी लागते.

पहिला प्रश्न असा, की दोष एकाच सिलिंडरचा आहे की सर्वांचा? एक सोपी परीक्षा अशी. थंड इंजिन सुरू करून मिनिटभराने धूर बाहेर नेणाऱ्या प्रत्येक नळीवर पाण्याचा एकेक थेंब टाकावा. तीन नळ्यांवर थेंब चुरचुरून उडून जाईल आणि चौथीवर तसाच राहील, तर तो चौथा सिलिंडर काम करत नाही. उष्ण इंजिनात एकेका प्लगची तार क्रमाने निकामी करतात. निरोगी सिलिंडरची ठिणगी तोडली की इंजिनाची गती घटते. ज्याची तोडूनही गती घटत नाही, तोच दोषी. मात्र प्रज्वलनाचा विद्युत्‌दाब हजारो व्होल्टचा असतो. उघड्या हाताने तार ओढू नये आणि सुटलेली तार धातूला टेकवल्याशिवाय इंजिन चालवू नये, कारण इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनात त्यामुळे नियंत्रक जळू शकतो. गाडीला उत्प्रेरक परिवर्तक असेल तर ही परीक्षा काही सेकंदांतच आटोपावी. न जळालेले पेट्रोल परिवर्तकात जाऊन जळते आणि अतिउष्णतेने त्याची आतील जाळी वितळते. मिसिंग करणारी गाडी 'चालते आहे तोवर' दामटत राहणे याच कारणासाठी महाग पडते.

दोषी सिलिंडर सापडल्यावर अदलाबदलीची पद्धत उपयोगी पडते. त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावावा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग दोषी. जागीच राहिला तर तार, मग इंजेक्टर याच प्रकारे तपासावा. नवा भाग विकत न घेता गाडीतील निरोगी भागालाच साक्षीदार करण्याची ही रीत आहे. बाहेर काढलेला प्लगही पुष्कळ सांगतो. फिकट तपकिरी रंग निरोगी ज्वलनाचा, कोरडी काजळी पेट्रोल अधिक झाल्याची, तेलकट ओल आत तेल शिरत असल्याची, आणि पांढरट टोक मिश्रण विरळ असल्याचे किंवा प्लग फार तापत असल्याचे सुचवते.

ठिणगी आणि इंधन ठीक असतील तर संपीडन मोजावे. इंजिन उष्ण ठेवून, सर्व प्लग काढून, ठिणगी व इंधनपंप यांची वीज तोडून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून ही परीक्षा करतात. सर्वांत कमी वाचन सर्वांत अधिक वाचनाच्या तीन-चतुर्थांशापेक्षा खाली असू नये, असा ढोबळ दंडक आहे. कमी वाचनाच्या सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून पुन्हा मोजल्यावर वाचन वाढले तर दट्ट्याच्या रिंगा झिजल्या आहेत. वाढले नाही तर झडपा नीट बसत नाहीत. झडपांची फट फार कमी ठेवलेली असेल, तर थंड इंजिनात त्या बंद होतात आणि उष्णतेने लांबल्यावर किंचित उघड्या राहतात. केवळ गरम झाल्यावर होणाऱ्या मिसिंगचे हे एक नेहमी दुर्लक्षिले जाणारे कारण होय. त्यावरील उपाय म्हणजे फट पुन्हा योग्य मापाची करणे. त्याला बहुधा नव्या भागाची गरजही पडत नाही.

चोरटी हवा

हवेचे मोजमाप करून पेट्रोल देणाऱ्या पद्धतींचा एक खास शत्रू आहे. तबकडीला चुकवून आत शिरणारी हवा मोजली जात नाही, आणि तिच्या वाट्याचे पेट्रोलही दिले जात नाही. मिश्रण विरळ होते. मंद गतीत, जेव्हा एकूण हवाच थोडी असते, तेव्हा या चोरट्या हवेचे प्रमाण मोठे ठरून इंजिन अडखळते. गती वाढवली की दोष झाकला जातो. इंजेक्टरांभोवतीची रबरी कडी वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतात, हवेच्या नळ्यांना भेगा जातात आणि गॅस्केट आक्रसते. इंजिन मंद गतीत चालू असताना तेल ओतण्याचे झाकण उघडून पाहावे. निरोगी के-जेट्रॉनिक गाडी लगेच अडखळते, कारण आता मोजमापाबाहेरची हवा आत आली. झाकण उघडूनही काहीच फरक पडला नाही, तर तशी हवा अगोदरपासूनच अन्य वाटेने येत आहे असा संशय घ्यावा. कित्येकदा कड्यांचा एक नवा संच आणि एखादी रबरी नळी एवढ्यावरच महिनोन्‌महिने छळणारी मिसिंग थांबते.

उष्णता आणि वीज

विजेच्या भागांवर उष्णतेचा परिणाम वेगळ्या प्रकारे होतो. कॉइलमधील बारीक तार तापून प्रसरण पावते. तिच्यात सूक्ष्म भेग असेल तर ती रुंदावते आणि मंडल तुटते. आवरण कमजोर असेल तर उष्णतेत ठिणगी आतल्या आतच उडते. प्रज्वलनाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, इंजिनाच्या फेऱ्यांचा वेध घेणारा संवेदक आणि पंपाला वीज देणारा रिले यांतही असेच घडते. रिलेच्या आतील झाळणाला पडलेली केसाएवढी भेग उन्हात तापलेल्या गाडीत मंडल तोडते आणि सायंकाळी जोडते.

अशा वेळी उष्णताच निदानाचे साधन होते. संशयित भाग केस वाळवण्याच्या यंत्राने हळूहळू तापवावा; थंड गाडीत दोष उमटला तर संशय खरा ठरला. उलट दोष चालू असताना कॉइलच्या बाहेरील धातूवर, जोडण्या कोरड्या ठेवून, ओले फडके ठेवावे. गाडी सुधारली तर उत्तर मिळाले. कॉइल किंवा संवेदक यांचा रोधही उष्ण स्थितीतच मोजावा. सेल्फ मारताना फेऱ्यांच्या मापकाचा काटा मुळीच हलत नसेल, तर फेऱ्यांची खबरच पुढे जात नसावी, हेही एक उपयुक्त चिन्ह आहे.

पुढील काळातील इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनमध्ये पाण्याच्या तापमानाचा संवेदक महत्त्वाचा असतो. तापमान वाढले की त्याचा रोध घटतो. बॉशच्या एका प्रचलित प्रकारात तो २० अंशांना सुमारे २,५०० ओहम आणि ८० अंशांना सुमारे ३०० ओहम असतो. त्याची तार तुटली तर नियंत्रकाला इंजिन कडाक्याच्या थंडीत असल्याचा भास होतो आणि तो उष्ण इंजिनात पेट्रोल ओतत राहतो. याच गाड्यांत किल्ली फिरवताच पंप सुमारे दोन सेकंद चालून थांबतो. सेल्फ न मारता किल्ली दोन-तीनदा अशी फिरवल्यावर उष्ण गाडी चटकन सुरू झाली, तर नळ्यांतील दाब ओसरला होता हे कोणत्याही मापकाशिवाय कळते.

भारतीय रस्त्यांवर

१९७० व १९८० च्या दशकांत भारतातील पेट्रोल गाड्या जवळजवळ सर्व कार्ब्युरेटरच्याच होत्या. २९ एप्रिल १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरातील नव्या खासगी गाड्यांसाठी यूरो-१ व यूरो-२ ही मानके सक्तीची केली. त्यांपैकी यूरो-२ साठी १ एप्रिल २००० ही तारीख ठरली होती. या मानकांमुळे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन झपाट्याने रूढ झाले. शिसेविरहित पेट्रोलही २००० मध्ये देशभर पोहोचले आणि उत्प्रेरक परिवर्तकाचा मार्ग मोकळा झाला. त्या पहिल्या पिढीतील गाड्या आता पंचवीस वर्षांच्या झाल्या आहेत. युरोपातील जुन्या गाड्यांत जे दोष त्या काळी अभ्यासले गेले, तेच आज येथील गाड्यांत दिसू लागले आहेत : कडक झालेले रबर, ओसरणारा दाब, भेगाळलेले झाळण.

येथील हवामान आणि इंधन यांचाही विचार केला पाहिजे. विदर्भात किंवा राजस्थानात मे महिन्यात सावलीतील तापमानच ४५ अंशांपर्यंत जाते. तेव्हा बॉनेटखालील उष्णता उतरण्यास अधिक वेळ लागतो. पेट्रोलमध्ये थोड्या प्रमाणात इथेनॉल मिसळल्यास मिश्रणाची बाष्प होण्याची प्रवृत्ती वाढते, आणि इथेनॉलसाठी न बनवलेले जुने रबर त्यामुळे लवकर खराब होऊ शकते. २० टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोल २०२३ मध्ये विक्रीस आले आणि नंतर देशभर पसरले. जुन्या गाडीच्या मालकाने रबरी नळ्या व कडी इथेनॉल सहन करणाऱ्या प्रतीची आहेत याची खात्री करून घ्यावी.

उपसंहार

उष्ण इंजिनाच्या दोषांचे निदान हे मुळात वर्ज्य करत जाण्याचे शास्त्र आहे. आधी काळ आणि तापमान यांविषयी प्रश्न विचारावेत. मग पेट्रोल कमी पडते की अधिक होते, हे ठरवावे. मग दाब मोजावा आणि गळतीच्या वाटा एकेक करून बंद कराव्यात. मिसिंगच्या बाबतीत प्रथम सिलिंडर ओळखावा, नंतर ठिणगी, मिश्रण व संपीडन यांचा क्रमाने तपास करावा. एका वेळी एकच बदल करावा. दोन भाग एकदम बदलले तर गाडी सुधारली तरी दोष कोणता होता हे कधीच कळत नाही. गाडी निरोगी असतानाच तिचे तिन्ही दाब आणि संपीडनाची वाचने एका वहीत तारखेसह लिहून ठेवावीत. पुढे दोष उद्भवल्यास कोणता आकडा बदलला, हे ती वही सांगते. गाडी दुसऱ्या मालकाकडे किंवा दुसऱ्या कारागिराकडे गेली, तर ती वहीही गाडीबरोबर द्यावी.